स्टार अलायन्स गोल्ड: लाउंजचं दार कुठे उघडतं, कुठे अडतं

वर्षाला तीन-चार परदेशवाऱ्या होतात आणि तिकीट इकॉनॉमीचंच असतं, अशा प्रवाशाला स्टार अलायन्स गोल्ड, म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात नेहमीच्या प्रवाशांना मिळणारा दर्जा, आजही सगळ्यात जास्त कामाला येतो. देशांतर्गत उड्डाणावरही तो चालतो, सोबत एक माणूस नेता येतो आणि फ्रँकफर्ट, सिंगापूर, इस्तंबूल या आपल्या लोकांच्या नेहमीच्या मुक्कामी चांगली लाउंज मिळतात. तक्रार आहे ती नियम सांगण्याच्या पद्धतीबद्दल. कार्डाबरोबर येणाऱ्या पत्रकात ‘जगभर लाउंज’ एवढंच ठळक असतं, अटी मात्र दारात उभं राहिल्यावर कळतात.

अटी एकदा नीट लावून घेऊ. पहिली, तुमचं पुढचं उड्डाण स्टार अलायन्सच्या सदस्य कंपनीनं चालवलेलं हवं. दुसरी, ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत सुटणारं हवं. तिसरी, लाउंजच्या दाराशी स्टार गोल्डची खूण हवी. चौथी, कार्डाची मुदत संपलेली नको. तिकीट कोणत्या वर्गाचं, हे विचारलं जात नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून या गटात आहे. तिच्या महाराजा क्लब या सदस्य योजनेतले, म्हणजे पूर्वीच्या फ्लाइंग रिटर्न्समधले, गोल्ड आणि प्लॅटिनम हे दोन्ही दर्जे स्टार गोल्डमध्ये मोडतात. सिल्व्हरवाल्यांना अलायन्सकडून लाउंज नाही.

पहाटे पाचची अट आपल्याकडे फार महत्त्वाची, कारण मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १५ तारखेचं रात्री अडीचचं विमान असेल तर आपण १४ तारखेला रात्री साडेदहालाच विमानतळावर असतो. बोर्डिंग पासवर तारीख उद्याची असली तरी प्रवेश मिळतो. तेच विमान सकाळी साडेसहाचं असेल आणि तुम्ही आदल्या रात्री अकराला पोहोचलात, तर मध्यरात्र उलटेपर्यंत या नियमानं हक्क सांगता येत नाही.

आता खरी मेख. ‘पार्टनर’ हा शब्द विमान कंपन्या तीन वेगळ्या अर्थांनी वापरतात. एक पार्टनर अलायन्समधला, दुसरा फक्त कोडशेअरचा, म्हणजे एकमेकांच्या विमानांवर आपला क्रमांक लावून तिकीट विकणारा, आणि तिसरा नुसता पॉइंट देणारा-घेणारा. दर्जावर लाउंज मिळतं ते पहिल्याकडे. बाकी दोघांकडे तुमचं गोल्ड कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा.

बोर्डिंग पास हातात आला की उड्डाण क्रमांकाच्या खालची बारीक अक्षरातली ‘ऑपरेटेड बाय’ ही ओळ आधी वाचा. दारातला माणूस तीच ओळ बघतो. क्रमांक एअर इंडियाचा असतो, विमान एअर इंडिया एक्सप्रेसचं निघतं. एक्सप्रेस ही त्याच समूहातली कंपनी असली तरी स्टार अलायन्सची सदस्य नाही, त्यामुळे त्या प्रवासात स्टार गोल्ड लागू होत नाही. गोव्याला जाणाऱ्यांनी आणि २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाहून निघणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच हे पाहावं. तुर्कीश एअरलाइन्सच्या क्रमांकाचं तिकीट काढलं आणि ते उड्डाण इंडिगो चालवत असेल, तर तिथेही हेच. इंडिगो, एमिरेट्स आणि एतिहाद या तिन्ही कंपन्या कोणत्याच मोठ्या अलायन्समध्ये नाहीत. उलट बाजूनं, एअर इंडियाच्या क्रमांकाचं तिकीट असून विमान लुफ्तान्साचं असेल तर काळजी नको. दोन्ही सदस्य आहेत, दार उघडतं.

पाहुण्याचा नियम घरच्यांबरोबर निघालेल्यांना सगळ्यात जास्त अडचणीत टाकतो. एका गोल्ड कार्डावर एकच पाहुणा, आणि तोही त्याच विमानतळावरून स्टार अलायन्सच्याच विमानानं निघणारा हवा. मूल हाही पाहुणाच धरला जातो. अगदी तान्ह्या बाळाला बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत, पण ते त्या त्या लाउंजवर आहे, आधी विचारावं. नवरा, बायको, दोन मुलं असा चौघांचा प्रवास असेल तर एका कार्डावर दोघं आत आणि दोघं बाहेर. म्हणून कुटुंबात एकाला प्लॅटिनम करण्याच्या मागे लागण्यापेक्षा दोघांना गोल्ड करणं कधीही शहाणपणाचं. अलायन्सच्या नजरेत प्लॅटिनमही गोल्डच असतो. दोन गोल्ड कार्डांवर चौघं आत जातात.

इथेच एक गैरसमज. बिझनेस क्लासचं तिकीट असलं की सोबतच्या माणसालाही नेता येईल, असं अनेकांना वाटतं. अलायन्सच्या नियमात बिझनेसच्या तिकिटावर पाहुणा नाही, गोल्डवर आहे. तुम्ही बिझनेसमध्ये आणि आई इकॉनॉमीत असेल तर काउंटरवर बोर्डिंग पास नव्हे, गोल्ड कार्ड पुढे करा.

मात्र कोणत्या हक्कानं आत जाता, त्यावर कोणती खोली मिळणार हे ठरतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल ३ मध्ये हा फरक समोरासमोर दिसतो. बिझनेसवाल्यांसाठी सिल्व्हरक्रिस आणि इकॉनॉमीतल्या स्टार गोल्डवाल्यांसाठी क्रिसफ्लायर गोल्ड, ही दोन लाउंज एकाच संकुलात आहेत. सिल्व्हरक्रिस प्रशस्त आहे, क्रिसफ्लायर गोल्ड बरंच साधं. ऑस्ट्रेलियाला जाताना मध्ये तीन-चार तास काढायला ते पुरतं, पण त्यासाठी मुद्दाम लांबचं कनेक्शन घेऊ नये. टर्मिनल १, २ आणि ३ आतून जोडलेली आहेत, त्यामुळे विमान २ वरून असलं तरी ३ मध्ये जाऊन बसता येतं. परत यायला वेळ ठेवा.

इस्तंबूललाही अशीच विभागणी. इकॉनॉमीतल्या गोल्डवाल्यांना माइल्स अँड स्माइल्स लाउंज, बिझनेसवाल्यांना बिझनेस लाउंज. विमानतळ अवाढव्य आहे, फाटकं लांब आहेत, त्यामुळे बोर्डिंगच्या वेळेआधी पाऊण तास तरी उठावं.

युरोपात आमची पहिली पसंती फ्रँकफर्ट. लुफ्तान्साची बिझनेस लाउंज आणि सेनेटर लाउंज अशी दोन पातळ्यांवरची लाउंज तिथे आहेत, आणि गंमत अशी की इकॉनॉमीतला स्टार गोल्ड प्रवासी वरच्या, म्हणजे सेनेटर लाउंजमध्ये जातो. दुसऱ्या कंपनीचं गोल्ड कार्ड असलं तरी चालतं. चूक होते ती जागेची. टर्मिनल १ मध्ये ए फाटकं शेंगेन, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांतल्या, प्रवासासाठी आणि झेड फाटकं शेंगेनबाहेरच्या प्रवासासाठी आहेत. मध्ये पासपोर्ट तपासणी आहे. मुंबईहून उतरून पुढे हॅम्बुर्गला जाणाऱ्यानं आधी पासपोर्ट तपासणी उरकून ए भागातलं लाउंज गाठावं, अमेरिकेला जाणाऱ्यानं आपल्या फाटकाच्या बाजूचं झेड किंवा बी भागातलं. जवळ दिसलं म्हणून पहिल्याच लाउंजमध्ये बसलात तर पुढची रांग बोर्डिंगच्या वेळी लागते, आणि ती किती लांब असेल ते आपल्या हातात नसतं.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट पैशाइतकी मोलाची. युनायटेड एअरलाइन्सच्या माइलेजप्लस या सदस्य योजनेतून मिळवलेलं प्रीमियर गोल्ड हेही स्टार गोल्डच, पण अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना त्यावर युनायटेड क्लब, म्हणजे युनायटेडचं लाउंज, मिळत नाही. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय प्रवास जोडलेला असेल तरच मिळतो. शिकागो-नेवार्क-मुंबई असं सलग तिकीट असेल तर शिकागोलाही मिळेल, नुसतं शिकागो-डेन्व्हर असेल तर नाही. ही बंधनं फक्त युनायटेडच्या स्वतःच्या सदस्यांवर आहेत. एअर इंडिया, तुर्कीश किंवा सिंगापूर एअरलाइन्सचं स्टार गोल्ड कार्ड असणाऱ्याला युनायटेडच्या देशांतर्गत उड्डाणाआधीही क्लबमध्ये जाता येतं. म्हणून भारतात नियमित ये-जा करणाऱ्यानं आपली उड्डाणं कोणत्या खात्यावर जमा करायची, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेतलं एलिट गोल्ड १२ महिन्यांत ५०,००० एलिट माइल्सवर, म्हणजे दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या माइल्सवर, मिळतं. स्वस्त तिकिटांवर माइल्स कमी मोजले जातात, तेव्हा हिशोब नुसत्या अंतरावरून नाही, तिकिटाच्या बुकिंग क्लासवरून, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणाऱ्या अक्षरावरूनही करा. युनायटेडचं पोलारिस लाउंज मात्र या कशातच नाही. ते लांब पल्ल्याच्या बिझनेस तिकिटावरच उघडतं. तसंच पोहोचल्यावर वापरायची आगमन लाउंजही नाहीत, हा हक्क निघतानाचा आहे.

नेवार्कहून एअर इंडियानं परतताना विमान बी टर्मिनलवरून सुटतं आणि युनायटेडची क्लब ए आणि सी मध्ये आहेत. एअरट्रेननं तिकडे जाऊन पुन्हा सुरक्षा तपासणी करण्यात अर्थ नाही. चेक-इनच्या वेळीच ‘बी मधलं कोणतं लाउंज आहे’ असं विचारून घ्यावं. भारतातल्या लहान विमानतळांवर स्टार गोल्डसाठी लाउंज नेमलेलं असेलच असं नाही. अलायन्सच्या संकेतस्थळावर लाउंज शोधायची सोय आहे, तिथे शहर आणि टर्मिनल टाकून घरीच बघा.

वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचा सफायर हा दर्जा याच तोडीचा. तो एका बाबतीत उजवा आहे, वेळेची अट पहाटे सहापर्यंतची. हीथ्रोच्या टर्मिनल ५ वर सफायरला ब्रिटिश एअरवेजचं गॅलरीज क्लब लाउंज मिळतं, वरच्या एमरल्ड दर्जाला गॅलरीज फर्स्ट. दोहामध्ये मात्र इकॉनॉमीतल्या सफायरवाल्यानं कतार एअरवेजच्या अल मुर्जान या बिझनेस लाउंजची आशा ठेवू नये, त्याच्यासाठी वेगळं लाउंज आहे. कतारचं ‘लाइट’ प्रकारातलं बिझनेस तिकीट घेतलं तर तिकिटावर लाउंज नसतंच, तिथे दर्जाच कामाला येतो. स्कायटीम या तिसऱ्या गटाचं एलिट प्लस फक्त आंतरराष्ट्रीय प्रवासात चालतं आणि भारतातली एकही कंपनी त्या गटात नाही. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला वरचेवर जाणाऱ्यांपुरतंच ते ठीक. गट बदलतातही. एसएएस ही स्कँडिनेव्हियाची विमान कंपनी ३१ ऑगस्ट २०२४ ला स्टार अलायन्समधून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी स्कायटीममध्ये गेली. तिच्या गोल्डवाल्यांची लुफ्तान्साची लाउंज एका रात्रीत बंद झाली.

नियमात बसत असूनही दारात यंत्र लाल दिवा दाखवतं, त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. बुकिंगमध्ये तुमचा सदस्य क्रमांक गेलेलाच नसतो किंवा दुसऱ्याच कंपनीचा गेलेला असतो. ट्रॅव्हल एजंटनं किंवा ऑफिसनं काढलेल्या तिकिटांत हे सर्रास होतं. दुसरं कारण नावाचं. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, सदस्य खात्यावर नसतं, आणि क्रमांक जोडलाच जात नाही. खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे एकदाच दुरुस्त करून घ्या. तिसरं, दर्जा तिकीट काढल्यानंतर वाढलेला असतो आणि बुकिंगमध्ये जुनाच राहतो. अशा वेळी क्रमांक काढून पुन्हा टाकावा.

तपासायची जागा एकच. चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पासवर तारेची खूण आणि पुढे इंग्रजी ‘जी’ अक्षर, किंवा ‘स्टार गोल्ड’ असं छापलेलं हवं. नसेल तर बॅगा देतानाच काउंटरवर क्रमांक टाकून पास पुन्हा छापून घ्या. सुरक्षा तपासणीनंतर हे काम करून देणारं माणूस शोधत फिरावं लागतं. फोनमधलं डिजिटल कार्ड आधीच उतरवून ठेवा, ऐनवेळी ॲपचा ओटीपी परदेशात भारतीय सिमवर येईलच असं नाही. मुदतीचा महिना आणि वर्ष कार्डावर दिसलं पाहिजे, नुसता सदस्य क्रमांक दाखवून भागत नाही.

आणि गोल्ड एका कंपनीचं पण माइल्स दुसरीकडे जमा करायचे असतील, तर पासवर दुसरा क्रमांक राहू द्या आणि दारात गोल्ड कार्ड दाखवा. कार्डावरचं आणि पासवरचं नाव जुळलं की बहुतेक ठिकाणी आत सोडतात. नाही सोडलं तर गोल्डचा क्रमांक टाकून घ्या, लाउंज वापरा आणि फाटकावर बोर्डिंगआधी तो बदलून घ्या. फाटकावरचा कर्मचारी हे मिनिटभरात करू शकतो, फक्त रांग सुरू होण्याआधी त्याच्याकडे जा.