स्प्रिंगवाला टी-बोल्ट क्लॅम्प: टर्बोच्या पाईपची गळती थांबते का?

थांबते. पण जॉइंट साफ असेल आणि साइज बरोबर घेतली असेल तरच, नाहीतर कितीही भारी क्लॅम्प (होस पाईपवर आवळून धरणारी धातूची पट्टी) आणा, पाईप सटकणारच.

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारा रेडिएटर) या पाईपवर सिलिकॉन होसच्या, म्हणजे मऊ जोडनळीच्या, जॉइंटला बूस्ट लीक होती, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गळत होती. लक्षणं नेहमीचीच, ॲक्सिलरेटर दाबला की सुंऽऽ असा आवाज, पिकअप मेलेला, मागून काळा धूर आणि स्कॅनरवर पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मात्र गाडी एकदम शहाण्यासारखी चालते कारण तेव्हा पाईपमध्ये प्रेशरच नसतं, त्यामुळे उभ्या गाडीत बॉनेट उघडून नुसतं कान लावून बसलात तर काही सापडत नाही. आणि लोक थेट टर्बो बदलायच्या गोष्टी करायला लागतात! आधी पाईप बघा हो.

जुना क्लॅम्प साधा स्क्रूवाला होता, पट्टीला खाचा असतात तो. रबरी पाण्याच्या पाईपला तो ठीक आहे, पण मऊ सिलिकॉनवर त्या खाचा रुततात, होस कापला जातो आणि दाब सगळीकडून सारखा येत नाही. त्यात गरम-थंड होऊन होऊन सिलिकॉन थोडं दबतं आणि आज घट्ट आवळलेला क्लॅम्प काही दिवसांनी सैल लागतो. एक हिशोब सांगतो म्हणजे कळेल, ६० मिमी पाईप आणि दीड बार बूस्ट धरा, तर जॉइंट उघडायला बघणारा जोर साधारण ४३ किलोचा होतो. एवढं वजन त्या एका होसला लोंबकळतंय असं समजा, तेही गरम आणि हलत्या इंजिनवर.

टी-बोल्ट क्लॅम्प आडव्या बोल्ट-नटने आवळतात, त्याची पट्टी रुंद आणि गुळगुळीत, कडा बाहेर वळवलेल्या, त्यामुळे होसला इजा नाही. आणि बोल्टवरची स्प्रिंग हीच खरी पैसे वसूल गोष्ट. सिलिकॉन दबलं की स्प्रिंग तेवढी ढील आपोआप खेचून घेते, पाईप तापून फुगला की थोडी सोडते. बिनस्प्रिंगचा टी-बोल्टपण चांगला असतो पण त्याला गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर परत आवळावं लागतं, स्प्रिंगवाल्याला ते बघणं बरंच कमी होतं.

आता साइज. इथे सगळ्यात जास्त गडबड होते, कारण लोक पाईपचं माप सांगून क्लॅम्प मागवतात. माप होसच्या बाहेरून घ्यायचं. ६० चा पाईप, होसची जाडी ५ मिमी, म्हणजे बाहेरून ७०, तर ७० हा आकडा क्लॅम्पच्या रेंजच्या मध्यावर कुठेतरी यायला हवा. मोठा क्लॅम्प घेऊन शेवटपर्यंत आवळला की तो गोल राहत नाही, बोल्टच्या खाली होसला चुणी पडते आणि हवा बरोब्बर तिथूनच निघते.

बसवताना पाईपच्या तोंडाशी उचललेली कड असते ना, क्लॅम्प तिच्या मागे यायला पाहिजे, कडेवर नाही, आणि होसच्या टोकापासून थोडा आत. ज्या पाईपला कडच नाही तिथे हा क्लॅम्प लावूनही मला भरवसा वाटणार नाही, आधी पाईपच्या तोंडाशी तशी कड उठवून घ्या. दुसरं म्हणजे तेल. क्रँककेस ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेलाची वाफ इनटेकमध्ये येते त्यामुळे हे पाईप आतून चिकट असतातच, ब्रेक क्लीनरने पाईप आणि होसची आतली बाजू पुसून पूर्ण सुकवा, मगच जोडा. होस चढत नाही म्हणून तेल किंवा ग्रीस अजिबात नको. साधं सिलिकॉन तेलाने हळूहळू फुगून मऊ पडतं, तसा झालेला होस टाकून द्या आणि आतून फ्लुरोसिलिकॉनचा, म्हणजे तेल सोसणाऱ्या सिलिकॉनचा, थर असलेला घ्या. नट हातपान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गन लावली तर स्टेनलेसचे आटे एकमेकांत जाम होतात.

नंतर टेस्ट केल्याशिवाय सोडू नका. इंजिन बंद, टर्बोच्या इनलेटला टोपी, रेग्युलेटर (दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) लावून त्या टोपीतून हवा अर्ध्या बारपासून हळूहळू वाढवायची आणि गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जायचं नाही, ब्रीदरचा पाईप इनटेकपासून काढून इनटेककडचं तोंड बंद करा नाहीतर हवा क्रँककेसमध्ये जाऊन सील उडतील. टोपीच्या समोर उभं राहू नका, सुटली तर गोळीसारखी येते. जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं, एकही बुडबुडा नाही. आवाज गेला, धूर गेला, पिकअप परत आला.

तक्रार एकच, स्प्रिंग आणि बोल्ट मिळून बराच बाहेर येतो, अडचणीच्या जागी बोल्टचं तोंड कुठे करायचं ते आधी ठरवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या होसला घासतो.

आणि ज्या गाड्यांत प्लास्टिक पाईपला ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) आणि तारेची क्लिप असते, त्यांनी हा घेऊ नका, तिथे तो बसतच नाही, ओ-रिंग बदला.