‘फॉरमॅट’ न मारता परत मिळालेला संगणक : तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्याच सरीला आमच्या भागातली वीज गेली, तेव्हा घरच्या संगणकावर विंडोज ११चे अपडेट चढत होते. अपडेटच्या चौकटीत एकसष्ट टक्के हा आकडा दिसत होता आणि पुढच्या क्षणी पडदा काळा झाला. तीनेक मिनिटांनी वीज आली, संगणक आपोआप सुरू झाला, पुन्हा वीज गेली. हा खेळ तीनदा झाला. चौथ्या वेळी निळा पडदा आला आणि त्यावर ‘बॅड सिस्टम कॉन्फिग इन्फो’ असा संदेश. त्यानंतर संगणक स्वतःच दुरुस्तीची तयारी करायचा, ‘दुरुस्ती करता आली नाही’ म्हणायचा आणि पुन्हा सुरू होऊन त्याच पडद्यावर येऊन थांबायचा.

या संगणकावर आमच्या सोसायटीचे सात वर्षांचे हिशेब होते आणि लेखापरीक्षकांना कागदपत्रे देण्याची तारीख बारा दिवसांवर आली होती. शिवाय सोसायटीच्या जुन्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्ते श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. ते सॉफ्टवेअर ज्या सीडीवरून चढवले ती सीडी घरात आहे, पण ती घालायला आता एकाही यंत्राला जागा उरलेली नाही. त्यामुळे केवळ फायली वाचवून माझे भागणार नव्हते. विंडोज आणि त्यावरची सॉफ्टवेअर आहेत तशी परत उभी राहणे मला हवे होते.

घराजवळच्या दुकानातून आलेल्या मुलाने दुरुस्तीचा निळा पडदा दोनदा चालवून पाहिला आणि दहा मिनिटांत निकाल दिला, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने चढवायचे. पडद्यावर ‘फायली ठेवून पीसी पूर्ववत करा’ असाही पर्याय होता. परंतु त्या मार्गाने स्वतःच्या फायली राहतात आणि बाहेरून चढवलेली सगळी सॉफ्टवेअर जातात, म्हणजे माझी श्रीलिपी गेलीच. मी त्याला नको म्हटले, कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षाने पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या परिसरात, दिव्यांच्या माळा आणि वायरींची भेंडोळी विकणाऱ्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर हे दुरुस्तीचे दुकान आहे. या लेखात त्याच्याविषयी काही तक्रारीही आहेत, म्हणून नाव देत नाही.

दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर तीन पडदे आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांच्या झाकणांत वेगवेगळे ठेवलेले स्क्रू. दुकानदार तिशीतले असावेत. त्यांनी काय झाले ते विचारले, आणि त्यातही अपडेट चालू होते का आणि वीज एकदा गेली की येऊन-जाऊन करत होती, हे मुद्दाम विचारले. मग माझ्या ध्यानीमनी नसलेला प्रश्न आला : डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद आहे का, आणि असल्यास तिची अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा क्रमांक, कुठे लिहून ठेवली आहे? माझा संगणक २०१९ साली जुळवून घेतलेला असल्यामुळे त्यावर तसे काही नव्हते. अलीकडच्या लॅपटॉपांवर मात्र मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा न विचारताच लागते आणि ती की त्या खात्यात जमा होते. ती हाताशी नसेल तर डिस्क दुसरीकडे जोडूनही आतले काही वाचता येत नाही. ही चौकशी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी केली, यावरूनच मला बरे वाटले.

त्यांनी संगणक सुरू केलाच नाही. २४० जीबीची एसएसडी, म्हणजे सगळे साठवून ठेवणारी चिपची डिस्क, बाहेर काढली, एका छोट्या वायरने स्वतःच्या संगणकाला जोडली आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने तिची तब्येत पाहिली. निळ्या चौकटीत ‘गुड’ आले, तरी खालचे आकडे त्यांनी एकेक करून वाचले. अचानक वीज गेल्याच्या प्रसंगांची मोजदाद एसएसडी स्वतःच ठेवत असते. माझ्या डिस्कवर तो आकडा २१७ होता. सहा वर्षांत दोनशेसतरा वेळा! त्यानंतर ते म्हणाले, ‘आधी हिची झेरॉक्स काढू काका, मग ऑपरेशन.’ झेरॉक्स म्हणजे संपूर्ण डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवलेली प्रत, जिला इमेज म्हणतात. चाळीसेक मिनिटे ती प्रत तयार होत होती आणि तोपर्यंत त्यांनी मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहू दिले नाही. चेकडिस्क नावाचे तपासणीचे साधन सर्वांना ठाऊक असते आणि पुष्कळ लोक घाबरून तेच आधी चालवतात. पण दुरुस्तीसाठी चालवले की ते डिस्कवरच्या नोंदी बदलते, आणि डिस्क मुळातच खिळखिळी असेल तर त्या धावपळीत उरलेलेही जाऊ शकते.

प्रत निघेपर्यंत मी त्यांना विचारले की वीज जाण्याने फायली खराब होतातच कशा; कागद लिहिता लिहिता दिवा गेला म्हणून कागद काही फाटत नाही. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते. संगणक लिहितो म्हणतो तेव्हा मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत असतो आणि तिथून थोड्या वेळाने डिस्कवर उतरतो. डिस्कच्या आतही अशीच एक तात्पुरती जागा असते. महागड्या सर्व्हरच्या एसएसडींत वीज गेल्यावर तेवढे लिखाण पुरे करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडींत बहुधा नसतात. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था १९९३ पासूनची आहे आणि ती बदलांची रोजकीर्द ठेवते. परंतु ती रोजकीर्द फायलीचे नाव, आकार आणि जागा यांची असते, आतल्या मजकुराची नसते. म्हणून वीज गेल्यावर फोल्डरांची रचना शाबूत राहते आणि एखादी फाइल नावाने, आकाराने जागच्या जागी दिसूनही आतून नुसती शून्यांनी भरलेली निघते. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे चटकन कळते : खतावणीचे पान आहे, त्यावर खात्याचे नावही आहे, रकमा मात्र चढलेल्याच नाहीत.

माझ्या संगणकाचे नेमके तेच झाले होते. विंडोज आपल्या सगळ्या मांडणीची नोंद रजिस्ट्रीत ठेवते आणि त्या रजिस्ट्रीच्या मुख्य फायली सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग या फोल्डरात असतात. त्यांतली ‘सिस्टम’ ही फाइल त्यांनी मला उघडून दाखवली. सुरुवातीच्या काही ओळींनंतर पडद्यावर नुसती शून्ये, कितीही खाली जावे तरी शून्ये. त्याच फोल्डरात रेगबॅक नावाचा उपफोल्डर असतो आणि पूर्वी तिथे या फायलींची जादा प्रत आपोआप पडत असे. विंडोज १०च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून जागा वाचवण्यासाठी ती प्रथा बंद झाली. फायली तिथे दिसतात, पण शून्य आकाराच्या. इंटरनेटवरचे जुने उपाय वाचून रेगबॅकमधल्या फायली उचलून मूळ जागी टाकणारा माणूस दुखण्यात भरच घालतो, असे ते म्हणाले. अशी दोन यंत्रे त्या वेळी त्यांच्या टेबलाखालीच ठेवलेली होती.

माझी सुटका एका प्रिंटरने केली. वीज जाण्याच्या आठ दिवस आधी मी नवा प्रिंटर जोडला होता आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, चढवताना विंडोजने रिस्टोअर पॉइंट तयार करून ठेवला होता. या पॉइंटच्या आत त्या दिवशीच्या डिस्कची सावली-प्रत दडलेली असते. तिच्यातून दुकानदारांनी सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी आणि डिफॉल्ट या पाचही फायली बाहेर काढल्या. खराब झालेल्या फायली पुसल्या नाहीत, त्यांची नावे बदलून बाजूला ठेवल्या, आणि जुन्या फायली त्यांच्या जागी बसवल्या. खराब एकच असताना पाच का बदलल्या, असे मी विचारले. एकाच दिवसाच्या असल्या तरच त्या एकमेकींशी जुळतात, असे कारण त्यांनी सांगितले. मग चेकडिस्क चालवले, डिस्क माझ्या कॅबिनेटमध्ये परत बसवली आणि संगणक सुरू केला. गोल फिरणारे ठिपके नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ फिरले आणि मग आमच्या मुलीचा सिंहगडावरचा फोटो पडद्यावर आला.

इथे बहुतेक दुकानांत बिल फाडले गेले असते. यांनी मात्र संगणक ठेवून घेतला, कारण अर्धवट चढलेल्या अपडेटच्या फायली अजून तशाच होत्या. विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी एसएफसी ही आज्ञा अनेकांना माहीत असते. ती चांगल्या प्रती विंडोजच्याच एका कोठारातून घेते, आणि कोठारातला मालच नासला असेल तर ‘खराब फायली सापडल्या, पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत’ असे सांगून थांबते. म्हणून आधी डिसम नावाच्या आज्ञेने कोठार इंटरनेटवरून दुरुस्त करून घ्यायचे आणि त्यानंतर एसएफसी चालवायची, असा त्यांचा क्रम होता. डिसम बासष्ट टक्क्यांवर इतका वेळ थांबले की मी ते अडकले असे समजून बोट दाखवले. त्यांनी मान वर न करता ‘जेवून या’ एवढेच सांगितले. मी जेवून आलो तेव्हा ते काम पुरे झाले होते.

गेलेले सगळे परत आले नाही, हेही लिहिले पाहिजे. वीज गेली तेव्हा एप्रिलच्या जमाखर्चाची एक्सेल फाइल उघडी होती. ती आतून शून्यच निघाली. तिच्यावर दोन-तीन साधने चालवून पाहिल्यावर, ‘यात काही उरलेले नाही, उगाच पैसे घेणार नाही,’ असे त्यांनी सरळ सांगितले. सुदैवाने ती फाइल मी आठवडाभर आधी खजिनदारांना ई-मेलने पाठवली होती, त्यामुळे पाच दिवसांच्याच नोंदी नव्याने कराव्या लागल्या.

आता तक्रारी. दोन दिवसांचा वायदा होता आणि प्रत्यक्षात चार दिवस गेले. उशीर होणार हे कळवणारा फोन आला नाही, प्रत्येक वेळी मीच केला. बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ एवढे दोनच शब्द होते; इतके बारकाईने काम करणाऱ्या माणसाने काय केले ते चार ओळींत लिहून द्यायला हरकत नव्हती. सर्वांत खटकलेली गोष्ट अशी की माझा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटवर चिकटपट्टीने डकवली होती आणि येणारे-जाणारे कोणीही ती वाचू शकत होते. शिवाय माझ्या संपूर्ण डिस्कची प्रत त्यांच्याकडे होती. ती पुसणार का, हे मी विचारल्यावरच त्यांनी माझ्यासमोर पुसली. आपण होऊन त्यांनी तो विषय काढला नव्हता. बँकेची कागदपत्रे संगणकावर असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी हे आठवणीने करून घ्यावे आणि घरी आल्यावर पासवर्ड बदलावा. वयस्कर माणसांसाठी त्या इमारतीचा जिना अरुंद आणि उभा आहे, आणि खाली गाडी लावायला जागा शोधणे हे वेगळेच काम आहे.

मजुरीचे बाराशे रुपये झाले. मी नव्या यूपीएसविषयी विचारले, तेव्हा विक्रीची संधी असूनही त्यांनी आधी घरचा यूपीएस घेऊन यायला सांगितले. तो ६०० व्हीएचा आहे आणि चार वर्षांपूर्वी घेतलेला. वीज गेली त्या रात्री तो ‘चालू’ होता, हिरवा दिवाही लागलेला होता. त्यांनी तळाचे झाकण काढले तेव्हा आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन्ही बाजूंनी पोट फुगल्यासारखी झाली होती आणि ती बाहेर ओढून काढायला पक्कड लागली. अशा बॅटऱ्या साधारण दोन-तीन वर्षे टिकतात. म्हणजे निदान वर्षभर तरी माझा यूपीएस केवळ जड एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून काम करत होता. नवी बॅटरी नऊशे पन्नास रुपयांना पडली. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला आहे हे ऐकल्यावर मात्र ते पहिल्यांदाच थोडे चिडले; कागद तापवताना प्रिंटर एकदम इतका भार ओढतो की ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा यूपीएस त्यापुढे मान टाकतो, आणि मग वीज न जाताही संगणक बंद पडू शकतो.

मोजून दोन हजार एकशे पन्नास रुपये देऊन मी लेखापरीक्षणाच्या सहा दिवस आधी कॅबिनेट घरी आणले. प्रिंटर आता भिंतीतल्या स्वतंत्र सॉकेटवर आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सगळी कामे बंद करून यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून पाहायचा, असे दुकानदारांनी सांगितले होते. या महिन्यात संगणक त्यावर चौदा मिनिटे चालला.