खांद्याच्या ‘मशीन थेरपी’चं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

खांद्याची फाटलेली कूर्चा मशीनने भरून काढतो, ऑपरेशनची गरज नाही, असं तुम्हाला कोणी सांगत असेल आणि आजच्या आज पैसे भरायला लावत असेल, तर थांबा. आमच्या घरात हे होऊन गेलं आहे. पैसे गेले ते गेलेच, पण बरा होत आलेला खांदा पुन्हा निखळला. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या कापणीवर जाणाऱ्यांपैकी किती जणांचे खांदे दुखतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. मशीनचं पॅकेज विकणारी मंडळी शिबिरं लावतात ती अशाच गावांत.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यात निखळला. डाव्या खांद्यावर वीस-पंचवीस किलोचा घड होता, ठिबकच्या नळीत पाय अडकला आणि पडताना उजवा हात मागे टेकला गेला. जळगावला नेऊन सांधा बसवला. नंतर एमआरआय काढला, त्यात लॅब्रम फाटल्याचं निघालं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला चेंडू. त्या बशीला कूर्चेची जी चिवट कड असते ती लॅब्रम. हात निखळताना ही कड पुढच्या बाजूने सुटते, आणि एकदा सुटली की चेंडू पुन्हा घसरायला वाट मिळते. या कडेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे ती आपोआप पहिल्यासारखी चिकटेल याचा भरवसा नसतो. हाडांच्या डॉक्टरांनी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. आधी हात झोळीत, मग फिजिओथेरपी, आणि तरीही खांदा निसटत राहिला तर दुर्बिणीतून कड शिवायची, असा त्यांचा सल्ला होता.

अडचण होती ती अंतराची. फिजिओथेरपीसाठी वरचेवर जळगावला जायचं म्हणजे एसटीचे धक्के, दिवसाची मजुरी बुडणार आणि सोबत एक माणूस हवा. तेवढ्यात गावात मोफत तपासणी शिबिराचं पत्रक आलं. आबा भावाला तिथे घेऊन गेले. हातात एक दांडी धरायला दिली, संगणकावर लाल-पिवळं चित्र आलं आणि ‘गादी साठ टक्के झिजली आहे’ असं सांगितलं. एमआरआयचा लिफाफा आबांच्या पिशवीत होता, तो कोणी उघडूनही पाहिला नाही. हातात दांडी धरून खांद्याची कूर्चा दिसत नाही. ती दिसते एमआरआयमध्ये, आणि कधी कधी त्यासाठीही सांध्यात औषध सोडून एमआरआय करावा लागतो.

तालुक्याच्या गावी त्यांचा गाळा होता. पॅकेज ४५,००० रुपयांचं, पण त्याच दिवशी भरले तर २८,०००. आबांनी केळीच्या पट्टीचे आलेले पैसे भरले. पावती मागितली तेव्हा मिळालं ‘वेलनेस सदस्यत्व’ असं छापलेलं कार्ड. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. उपचार हा शब्द त्या कार्डावर कुठेच नव्हता.

तिथे भावाला झोपवायचे, खांद्यावर चकत्या लावायचे, मुंग्या आल्यासारखं व्हायचं, वरून शेक. उठल्यावर दुखणं कमी असायचं. “हात हलका वाटतो भो,” असं तो घरी येऊन सांगायचा आणि आबांना बरं वाटायचं. या ठिकाणी बहुतेक लोक फसतात. विजेच्या त्या मशीनने दुखणं काही वेळ दबतं, हे खरं आहे. चांगल्या फिजिओथेरपिस्टकडेही ती मशीन असते, व्यायामाआधी दुखणं कमी करायला. पण तिने फाटलेली कड शिवली जात नाही आणि कूर्चा उगवत नाही. दुखणं दबल्यावर जो व्यायाम करून घ्यायचा असतो, तोच तिथे कोणी करून घेतला नाही.

मग एक दिवस तिथे मशीन लावणाऱ्या माणसाने सांगितलं की सांधा आखडला आहे, मोकळा करावा लागेल. भावाला पाठीवर झोपवलं, कोपर खांद्याच्या रेषेत बाजूला घेतलं आणि मनगट धरून हात मागे जमिनीकडे दाबला. भाऊ “नको, नको, निसटतोय” म्हणत होता. ज्याचा खांदा पुढच्या बाजूने निखळलेला आहे, त्याच्यासाठी हीच सगळ्यात धोक्याची स्थिती. चेंडू फेकायला हात मागे नेतात तशी. खांदा तिथेच निखळला. त्या माणसाला तो परत बसवता आला नाही. रिक्षा बोलावून दिली आणि रस्त्यात कोणाला काही सांगू नका म्हणाला. माय त्या रात्री जेवली नाही.

नंतर मी भिंतीवरचं प्रमाणपत्र बघायला गेलो. काही महिन्यांचा मसाज आणि थेरपीचा डिप्लोमा होता, पाटीवर मात्र नावाआधी डॉक्टर. फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांची, वर इंटर्नशिप. आपल्याकडे त्यांची नोंदणी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा फिजिओथेरपिस्ट रागावत नाही, सांगतो. इथे मला उत्तर मिळालं, “तुम्हाला बरं व्हायचंय की कागद बघायचेत?”

आता भाऊ जळगावला एका मॅडमकडे जातो. पहिल्या दिवशी त्यांनी मशीन लावलीच नाही. एमआरआयचा रिपोर्ट वाचला, कोनमापकाने हात किती उचलतो ते मोजून तारखेसह लिहून ठेवलं, कोणत्या कुशीवर झोपतो ते विचारलं. हात फिरवताना त्यांची नजर हातावर कमी आणि भावाच्या चेहऱ्यावर जास्त होती. चेहऱ्यावर भीती दिसली की तिथेच थांबायच्या. मग व्यायाम: काखेत टॉवेलची गुंडाळी धरून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवायचा, आधी नुसता, पुढे रबरी पट्टा ओढून, भिंतीला हात दाबून धरायचा, दोन्ही पाती मागे खेचायची. खांद्याभोवतीचे चार छोटे स्नायू आणि पाठीवरचं पातं धरून ठेवणारे स्नायू मजबूत झाले की सुटलेल्या कडेचं थोडंफार काम ते करतात. मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की पुन्हा निखळल्यामुळे ऑपरेशन लागण्याची शक्यता वाढली आहे आणि तसं झालं तरी पुढे कित्येक महिने हाच व्यायाम करावा लागेल. हे व्यायाम घरी रोज करायचे, त्यामुळे जळगावची फेरी अधूनमधूनच पडते. अंतराच्या ज्या अडचणीमुळे आम्ही त्या गाळ्यात गेलो, ती एवढी मोठी नव्हती.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. या फसवणुकीनंतर भाऊ खऱ्या फिजिओथेरपीलाही तयार नव्हता. “सगळे सारखेच, झोपवतात आणि पैसे घेतात,” असं म्हणायचा. ज्या उपचाराने त्याचा हात वाचू शकतो, त्यावरचाच विश्वास त्या लोकांनी घालवला. गावातली आणखी दोन-तीन माणसं आता दुखणं अंगावर काढतात ती याच कारणाने.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेचं बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ते सदस्यत्वाचं कार्ड आम्ही अर्जासोबत जोडलं. शिबिराचं पत्रक, यूपीआयचा मेसेज, पाटीचा फोटो, दुसऱ्यांदा खांदा बसवल्याचे हॉस्पिटलचे कागद, हे सगळं जपून ठेवलं म्हणून अर्ज भक्कम झाला. तुमच्या घरात असं झालं असेल तर कागद फेकू नका, चुरगळलेलं पत्रकसुद्धा.

त्या गाळ्यावर सध्या दुसऱ्या नावाची पाटी आहे. पत्रक परवा चोपड्याकडच्या एका नातेवाइकाने पाठवलं. आता गुडघ्याची गादी भरून देतात, तपासणी मोफत, पैसे त्याच दिवशी भरले तर सवलत. खाली मोबाइल नंबर आहे, नोंदणी क्रमांक नाही.