काटा, कढई आणि कोपरे: अंगणवाडी पारखताना

मूल अंगणवाडीत घालायचं की फी भरून नर्सरीत, हे ठरवायचं असेल तर भिंतीवरची चित्रं बघून परत येऊ नका. भिंती हल्ली बहुतेक ठिकाणी रंगवलेल्या असतात. मुलं जमून अर्धा-पाऊण तास झाला की जा, ताईंना विचारून दाराशी बसा. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि योजना सगळीकडे एकच आहे. दर्जा मात्र वाडीगणिक बदलतो, म्हणून शेजारच्या गावातल्या अंगणवाडीची कीर्ती ऐकून आपल्या अंगणवाडीबद्दल काही ठरवू नये.

सगळ्यात आधी काटा बघा. दर महिन्याला वजन-उंची घेऊन ती वाढीच्या तक्त्यावर मांडणं, हे काम चांगल्यातली चांगली नर्सरीसुद्धा सहसा करत नाही, आणि अंगणवाडीत ते फुकट होतं. पण ते नीट झालं तरच त्याला अर्थ आहे. काटा सपाट जमिनीवर असावा आणि मूल चढण्याआधी शून्यावर आलेला असावा. कपडे पातळ, पायात चप्पल नाही. थंडीत स्वेटर-टोपीसकट तोललं तर दोनशे ग्रॅम नुसते कपड्यांचेच भरतात. दुसऱ्या वर्षात मूल महिन्याला जेमतेम तेवढंच वाढतं. म्हणजे वजन अडलेलं मूलही कागदावर वाढलेलं दिसतं.

उंचीत गोंधळ आणखी जास्त होतो. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून मोजायचं, त्यानंतर उभं करून. लहान मुलाला उभं केलं तर माप साधारण 0.7 सेंमीने कमी येतं, आणि गुडघे वाकले की त्याहूनही कमी. ताईंच्या मोबाईलवरचं पोषण ट्रॅकर ॲप भरलेल्या आकड्यांवरून मुलाची पोषण-श्रेणी आपोआप काढतं. उंची कमी भरली की तेच वजन पुरेसं वाटतं आणि कुपोषित मूल हिरव्यात, म्हणजे सामान्य श्रेणीत, जाऊन बसतं. म्हणून ताईंकडे आपल्या मुलाचे मागच्या तीन महिन्यांचे आकडे मागा. दीड वर्षाच्या मुलाची उंची तिन्ही महिने तीच असेल, तर ती मोजलेली नाही, मागचाच आकडा उतरवलेला आहे. त्या वयात मूल महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतं.

दंडघेराची पट्टी 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी असते. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. 12.5 सेंमी किंवा जास्त असेल तर ठीक, 11.5 ते 12.5 मध्ये असेल तर मॅम (मध्यम कुपोषण), 11.5 च्या खाली सॅम (तीव्र कुपोषण). पट्टी आवळली तर आकडा घटतो, सैल ठेवली तर वाढतो. दोन्ही पायांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का, हेही बघायचं असतं. सॅम निघालेलं मूल भूक चाचणीत, म्हणजे समोर खायला देऊन बघतात तेव्हा, नीट खात असेल, दुसरा आजार नसेल, तर गावातच ग्राम बालविकास केंद्रात घेतात. ताप, जुलाब, सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. ‘घरी जरा जास्त खायला घाला’ एवढंच सांगून पाठवत असतील, तर तिथे तक्रारीला जागा आहे.

आता कढई. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळून रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं माप 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात ठरलं होतं; आहार वर्षाला 300 दिवस. 2017 मध्ये त्यासाठी ठरलेला दर मुलामागे दिवसाला 8 रुपये. एवढ्यात काय बसतं? 80 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम मूगडाळ आणि दोन चमचे तेल घेतलं की हिशेब जवळपास जमतो. त्याची खिचडी होते भरपूर, साडेतीन वर्षांचं पोर ती एका बैठकीत संपवत नाही. म्हणूनच आहार दोन वेळांत वाटलेला असतो. नाश्ता गाळून ‘एकदाच पोटभर’ वाढणाऱ्या केंद्रात मुलाच्या पोटात ठरलेलं जात नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याने. माणशी माप धरून शिजवण्याऐवजी पातेलं भरेल एवढं पाणी घातलं, की वाटी भरलेली दिसते आणि कॅलरी अर्ध्यावर येतात. ओळखायला सोपं: वाटी तिरकी केली तर खिचडी सरकावी, वाहू नये. उसळ असेल तर रस्सा मोठ्या मुलांकडे आणि कडधान्य तळाशी असं होतं, म्हणून डाव खालून घालून वाढतात का ते बघा. तेल वरून न घालता फोडणीतच संपवलं असेल तरी चालतं, घातलं पाहिजे एवढंच.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार घरी द्यायचा असतो, आणि योजनेची ही बाजू खरोखर लंगडी आहे. पाकीट असो की कोरडा शिधा, घरात आला की सगळ्यांच्या ताटात जातो, नाही आवडला तर गोठ्यात. ताई घरी येऊन तो शिजवून दाखवत असतील, तर त्या केंद्राला माझ्याकडून एक गुण जास्त.

शिक्षणाबद्दल पालकांची नेहमीची कुरकुर म्हणजे ‘तिथे नुसतं खेळवतात, एबीसीडी शिकवत नाहीत’. ही तक्रार उलटी आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बोटांच्या आणि मनगटाच्या स्नायूंना पेन्सिल झेपत नाही. मूल ती मुठीत धरतं, दाबून लिहितं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. आधी कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, भांड्यातून भांड्यात पाणी ओतणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला, वारली मुलांच्या अंगणात जाऊन पानं, बिया, खडे यांवर बालवाडी चालवली. अंगणवाडी हा शब्द आणि विचार तिथला; केंद्राची योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला. त्यामुळे प्लास्टिकची घसरगुंडी नसलेल्या पण शिंपले-खडे रंगांप्रमाणे लावून घेणाऱ्या ताईला कमी लेखू नका. फक्त तीन वर्षांच्या आतलं भावंड सोबत येत असेल, तर चिंचोके आणि मणी वर ठेवलेले हवेत. ते नाकात जातात.

बाहुलीघर, ठोकळे, पुस्तकं, चित्रकाम असे कोपरे मांडलेले असतील तर वस्तूंवर धूळ आहे का ते बघा. पुस्तकाचे कोपरे दुमडलेले असतील तर ती मुलांच्या हातात जातात. कपाटाला कुलूप असेल तर साहित्य तपासणीसाठी राखलेलं आहे. गोष्ट सांगताना ताई मध्येच थांबून ‘मग काय झालं असेल?’ विचारतात का, आणि घरची बोली बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून गप्प करतात का, एवढ्यावरून बरंच कळतं.

उणीव आहे ती हातांची. एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस चुलीकडे, सेविका मोबाईलवर माहिती भरण्यात. लसीकरणाच्या किंवा सर्वेक्षणाच्या दिवशी शिकवणं होतच नाही, असं धरून चाला. आणि नोकरी किंवा मजुरी करणाऱ्या आईला सकाळचे तीन-चार तास पुरत नाहीत. त्यासाठी केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. आपल्या भागाच्या बालविकास प्रकल्पात असं केंद्र आहे का, हे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेला विचारा; ताईंना ते ठाऊक असेलच असं नाही.