पॅनेल सर्वेक्षणाला जोडलेली राहत्या पत्त्यांची फाइल: काही महिन्यांच्या वापरानंतर

पॅनेल सर्वेक्षण म्हणजे त्याच कुटुंबांकडे फेरीफेरीने परत जाणं. त्यांच्या राहत्या पत्त्यांची फाइल आम्ही पुरवठादाराकडून हप्त्याहप्त्याने घेतो. नव्या फेरीचा हप्ता आला आणि जुने पत्ते गेले. पुरवठादाराने घर बदललेल्या कुटुंबांचे अक्षांश-रेखांश 'अद्ययावत' केले, म्हणजे आधीच्यांवर नवे लिहिले. तक्रार केली तर उत्तर आलं की सगळ्यांना ताजाच पत्ता हवा असतो. कुरिअरला ताजा पत्ता पुरतो. दोन-तीन वर्षांनी त्याच माणसांकडे परत जाणाऱ्या सर्वेक्षणाला पुरत नाही. आधीच्या फेरीत नोंदलेला दमा आता आजच्या घराशेजारच्या हमरस्त्याला जोडला जातो, आणि ज्या घरात तो दमा सुरू झाला ते घर फाइलमध्येच नसतं. बाकी सगळं मान्य केलं तरी या एका दोषासाठी मी पाचपैकी दोन गुण कापतो.

पत्ता हा कुटुंबापुढचा एक रकाना नाही. त्याचं स्वतंत्र कोष्टक हवं आणि दर मुक्कामाला एक ओळ हवी. त्यात व्यक्ती क्रमांक, कुटुंब क्रमांक, 'पासून', 'पर्यंत', तारीख दिवसापर्यंत पक्की आहे की महिन्यापर्यंत की फक्त वर्षापर्यंत, अक्षांश, रेखांश, अचूकता मीटरमध्ये, बिंदू कसा मिळाला, मजला आणि घर सोडण्याचं कारण एवढं लागतं. व्यक्ती क्रमांक आधी, कारण कुटुंब फुटतं. थोरला मुलगा लग्नानंतर नालासोपाऱ्याला जातो, आईवडील परळलाच राहतात, आणि कुटुंब क्रमांकावर जोडलेला पत्ता दोघांपैकी एकाला चुकीचा लागतो. नवी ओळ आली की जुनीचं 'पर्यंत' भरायचं, जुनी ओळ पुसायची नाही. हे करायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून राग जास्त येतो.

मुंबईत हे जास्त बोचतं, कारण इथे भाड्याच्या घराचा करार बहुधा ११ महिन्यांचा. दोन फेऱ्यांमध्ये दोन वर्षं गेली तर भाडेकरू मधल्या मधे एक घर करून, सोडून पुढे गेलेला असतो. 'आता कुठे राहता?' एवढंच विचारलं तर ते मधलं घर कायमचं हरवतं. 'मागच्या वेळी आम्ही आलो होतो तेव्हापासून कुठे कुठे राहिलात?' असं विचारावं लागतं. तारीख विचारली की लोक गोंधळतात, खुणेच्या प्रसंगाने विचारलं की बरोबर सांगतात: गणपतीच्या आधी आलात की नंतर? पोरांची शाळा जूनला सुरू झाली तेव्हा कुठे होतात? लॉकडाऊन लागला तेव्हा? जुन्या रहिवाशांसाठी २६ जुलै २००५ चा पूर ही अजूनही सर्वांत भक्कम खूण आहे. अशा प्रश्नांनी महिना बहुतेक वेळा पक्का होतो, आणि विश्लेषणाला महिना पुरतो.

मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळी घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथला पुनर्विकास म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, करतं आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतलं कुटुंब आधी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जातं आणि काही वर्षांनी त्याच जागेवर ५०० चौरस फुटांच्या घरात परत येतं. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. एक फेरी चाळ सोडण्याच्या आधी आणि दुसरी चाव्या मिळाल्यानंतर झाली तर अक्षांश-रेखांश जवळपास तेच दिसतात आणि विश्लेषणाच्या मॉडेलला वाटतं की हे कुटुंब जागचं हललं नाही. घर तिपटीने वाढलं, मजला बदलला, शेजार बदलला, मधली वर्षं भलतीकडे गेली, यातलं काहीच त्या बिंदूत नाही. मजला आणि सोडण्याचं कारण हे दोन रकाने मी हट्टाने मागतो ते यासाठी.

उलटा घोटाळाही होतो: माणूस हलत नाही आणि फाइल हलवते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. वसईचं कुटुंब २०११-१२ च्या फेरीत ठाणे जिल्ह्यात आणि पुढच्या फेरीत पालघर जिल्ह्यात दिसतं. जिल्हा बदलला म्हणजे स्थलांतर, असा नियम लिहिला असेल तर अख्खी वसई-विरार एका रात्रीत स्थलांतरित होते. इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेसारख्या पॅनेलच्या सार्वजनिक फाइलमध्ये ठिकाणाचं नाव जिल्ह्यापर्यंतच मिळतं, त्यामुळे तिथे जुन्या-नव्या जिल्ह्यांची जुळणी स्वतः करूनच पुढे जायचं. मुंबई महापालिकेच्या निवडणूक प्रभागांचंही तसंच. २०१२ आणि २०१७ दोन्ही निवडणुकांना प्रभाग २२७ च होते, पण मधे हद्दी आणि क्रमांक बदलले. संख्या तीच असल्यामुळे जोडणी बिनतक्रार होते आणि चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

वॉर्डाची, म्हणजे महापालिकेच्या प्रशासकीय विभागाची, सरासरी घराला चिकटवणं हा दुसरा मोह. एम पूर्व विभागात अणुशक्तीनगरची बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) वसाहत आहे आणि देवनार कचराभूमीला लागून गोवंडीचं शिवाजीनगरही आहे. दोन्हींना विभागाचा एकच आकडा लावला तर तो दोघांबद्दलही खोटं सांगतो. त्याऐवजी बिंदूभोवतीची षटकोनी जाळी बरी. एच-थ्री या जगाचे षटकोन पाडणाऱ्या तयार जाळीत ८ व्या पातळीचा षटकोन साधारण ०.७४ चौरस किलोमीटर भरतो, ९ व्या पातळीचा साधारण ०.१. मुंबईच्या दाटीत ९ वी पातळी उपयोगी पडते, गावाकडच्या नमुन्याला ८ वीसुद्धा बारीक ठरते.

जिओकोडिंगवर, म्हणजे लिहिलेल्या पत्त्यावरून मशीनने अक्षांश-रेखांश काढण्यावर, पैसे घालवू नका. वस्तीतला पत्ता 'खोली नंबर अमुक, अमुक चाळ कमिटी, शौचालयामागे' असा असतो. मशीनला तो सापडला नाही की ते गप्प बसत नाही, पिनकोडच्या मधोमध बिंदू टाकून मोकळं होतं. ओळखायची सोपी युक्ती: अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत घेऊन एकाच बिंदूवर किती घरं पडली ते मोजा. वेगवेगळ्या गल्ल्यांतली पंधरा-वीस घरं नेमकी एकाच जागी असतील तर तो पिनकोडचा मध्य आहे. शिवाजीनगर, गांधीनगर, इंदिरानगर ही नावं शहरात ठिकठिकाणी आहेत, तिथे बिंदू सरळ दुसऱ्या उपनगरात जातो. रकाने उलटे भरले गेले तर १९ आणि ७२.८ ची अदलाबदल होऊन घर नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात दिसतं. ही चूक निदान नकाशा उघडताच सापडते.

साधा अँड्रॉइड फोन, माहिती भरायला ओडीके किंवा कोबोचा फॉर्म आणि नकाशासाठी क्यूजीआयएस एवढ्यावर काम होतं, आणि तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. पत्र्याच्या छपरांमधल्या अरुंद गल्लीत फोन ३०-४० मीटरची अचूकता दाखवतो, आणि अँड्रॉइडचा तो आकडा फक्त ६८ टक्के खात्रीचा असतो. उंबऱ्याबाहेर थांबून आकडा १० मीटरच्या आत येऊ द्यावा. नाहीच आला तर गल्लीच्या तोंडाशी बिंदू घेऊन तसं फॉर्ममध्ये लिहावं. अंतरं मोजण्याआधी बिंदूंचं मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम नकाशापद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात रूपांतर करा, अंशांत अंतर मोजू नका: मुंबईत अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, रेखांशाचा सुमारे १०५.

ओळख लपवण्यासाठी बिंदू मुद्दाम हलवण्याबद्दलचं मत मात्र वापरताना बदललं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पद्धतीत शहरी समूहाचा (एकत्र निवडलेल्या घरांच्या गटाचा) बिंदू २ किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीण ५ किलोमीटरपर्यंत सरकवतात, ग्रामीणपैकी १ टक्का १० पर्यंत. धारावीचा बिंदू मिठी नदी ओलांडून वांद्रे-कुर्ला संकुलात पडू शकतो, म्हणून सुरुवातीला हे सगळं वाया गेलं असं वाटलं. नाल्यापासूनचं अंतर, पाण्याचा नळ, जवळचा दवाखाना यांसाठी ते खरंच वाया जातं. पण पाऊस, तापमान, उपग्रहावरची हवेची मोजणी यांसाठी २ किलोमीटरच्या वर्तुळाची सरासरी चालते, आणि त्या बदल्यात माणसाची ओळख राखली जाते. पॅनेलमध्ये ही राखण जास्त गरजेची आहे. एक धूसर बिंदू कुणाला ओळखू देणार नाही, पण वरळी, मग माहुल, मग विरार असा तारखांसकट क्रम एखाद्याच कुटुंबाचा असतो. म्हणून नाव-पत्ता एका फाइलमध्ये, जोडणीची किल्ली दुसऱ्या माणसाकडे, आणि विश्लेषकाला फक्त काढलेले आकडे: स्टेशनपासून अंतर, षटकोनाचा क्रमांक. संमतीही दर फेरीत नव्याने, स्थानाचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावी.

पिनकोडला मी कामाचा मानत नव्हतो. तो टपालवाटपासाठी आहे, वॉर्डाच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. पण तो लोकांना तोंडपाठ असतो, त्यामुळे बिंदू आणि पिनकोड जुळतात का एवढी तपासणी तो उत्तम करतो.

सगळ्यांत जास्त आनंद दिला तो फाइलच्या शेवटच्या, दुर्लक्षित रकान्याने: गावचा पत्ता. मुंबईत चार घरं बदललेल्या माणसाचं कोकणातलं किंवा साताऱ्याकडचं घर तिथेच असतं, आणि तिथल्या भावाकडे किंवा काकांकडे त्याचा चालू नंबर असतो. हरवलेली कुटुंबं शोधायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. जिओकोडिंगचे वाचलेले पैसे फेऱ्यांच्या मधल्या फोनांवर घाला, आणि गणपती-शिमग्याच्या सुमारास फोन करा. कुटुंब तेव्हा एकत्र असतं.

पुढचा हप्ता घ्यायचा झाला तर करारात एकच अट लिहून घ्या: जुनी ओळ पुसली जाणार नाही, आणि प्रत्येक ओळीत मूळ बिंदू राहील, नुसता वॉर्ड क्रमांक नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ते तक्ते नव्या हद्दींत येतील, आणि २०११ शी त्यांची तुलना ज्यांच्याकडे जुने बिंदू तारखांसकट आहेत त्यांनाच घराघराच्या पातळीवर करता येईल.