१७ जीएसएमचं क्रॉप कव्हर: थंडीला पुरतं, पावसाला नाही

परसात टमाटर, वांगी, मिरची किंवा कोवळी रोपं असतील तर डिसेंबर-जानेवारीसाठी रोपांवर झाकायचं हे पांढरं कापड जरूर घ्या. नुसता सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक, मुळा असेल तर खर्च करू नका. या भाज्या ५-६ अंशांची रात्र सहज काढतात, आणि फुलकोबी-पानकोबीला तर ती थंडी मानवतेच.

तापमानाचा जो आकडा पेपरात येतो तो नागपुरातल्या सोनेगावच्या वेधशाळेचा, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरचा. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते, मग पानाजवळ त्याहून २-३ अंश कमी भरतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री बेसा, हिंगण्याकडच्या मोकळ्या लेआउटमध्ये दव गोठू शकतं आणि सकाळच्या उन्हात टमाटरचे शेंडे उकडल्यासारखे काळे पडतात. हे कापड आतली हवा १ ते २ अंश उबदार ठेवतं. हे थोडं वाटेल, पण पान वाचतं ते तेवढ्यावरच. ढगाळ रात्री मात्र ते घडी करून ठेवा, ढगच पांघरुणाचं काम करतात.

घेताना खरी फसगत जाडीत होते. १.६ मीटर रुंदीचं, १७ जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम) १० मीटर कापड सुमारे २७० ग्रॅम भरायला हवं. दुकानातच वजन करून घ्या. २०० ग्रॅमच्या आसपास भरलं तर ते पातळ आहे, कमानीच्या बांबूच्या कामटीला अडकून पहिल्याच वाऱ्यात फाटेल. दुसरी गोष्ट, यूव्ही प्रक्रिया केलेलंच, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांत टिकणारं, मागा. पिशव्या शिवायचं साधं कापड दिसायला अगदी असंच असतं, पण उन्हात काही आठवड्यांतच त्याचा भुगा होतो.

रुंदीचा हिशेब आधी करा, ही या कापडाची सर्वांत मोठी अडचण आहे. ९० सेंटिमीटरच्या वाफ्यावर ३५ सेंटिमीटर उंच कमान केली तर कमानीवरच सव्वा मीटर कापड जातं आणि दोन्ही बाजूंना मातीत दाबायला जेमतेम १५-१५ सेंटिमीटर उरतं. कमान त्याहून उंच केली की कडा उघड्या पडतात, आणि उघडी कड म्हणजे कापड नसल्यासारखंच. वाढलेल्या टमाटरसाठी दोन पट्टे शिवून जोडावे लागतात. कमानीला बांबूच्या कामट्या किंवा ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची नळी चालते, अंतर सव्वा ते दीड मीटर ठेवा. कापड पानांवर थेट टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथलंच पान करपतं.

दुपारी वाफ्याला हलकं पाणी द्या, कारण ओली काळी माती जास्त ऊब धरते. ऊन कलायच्या आधी, पाचच्या सुमाराला झाका. अंधार पडल्यावर झाकलं तर निघून गेलेली ऊब परत येत नाही. सकाळी नऊपर्यंत उघडा, नाहीतर आत दमटपणा साचतो आणि दोडकी-काकडीच्या फुलांवर मधमाशी पोहोचत नाही. रात्री १३ अंशांच्या खाली गेल्या की टमाटरची फुलं गळतात, ती गळ हे कापड थोडीशीच कमी करतं. रोपवाटिकेत मात्र पांढरी माशी अडते, हा मोठा फायदा आहे. पण मावा (रस शोषणारी कीड) आधीच आत असेल तर तो झाकणाखाली जोमाने वाढतो, म्हणून झाकण्याआधी पानांच्या खालच्या बाजू बघा.

पावसाळी हवेत या कापडाला शून्य गुण. पाणी आरपार जातं, ओलं कापड जड होऊन रोपांवर बसतं, आणि गारा तर ते अडवतच नाही. विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी येतोच, त्यासाठी कमानीवर २०० मायक्रॉनची पॉलिथिन ताणा आणि दोन्ही बाजू वीतभर उघड्या ठेवा. भारी मातीत वाफा १५-२० सेंटिमीटर उंच नसेल तर वरून काहीही झाका, मुळं कुजतात. टमाटरवर करप्याचे (बुरशीच्या रोगाचे) डाग दिसताच खालची पानं काढून १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा, आणि त्याच दिवशी संपवा.

फेब्रुवारीअखेर कापड धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, उंदीर पोहोचणार नाही अशा डब्यात ठेवा. ओलं गुंडाळलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि पुढच्या हंगामात त्यातून उजेड कमी येतो.