होंडा सिटी: १४ महिने आणि १९ हजार किलोमीटरनंतर

२०२४ च्या दसऱ्याला आम्ही पाचव्या पिढीची होंडा सिटी, पेट्रोल आणि सहा गिअरची मॅन्युअल, घरी आणली, तेव्हा नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत पेढे घेणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की या दिवसांत सेडान कशाला घेतली? पार्किंगमधल्या उंच गाड्यांच्या रांगेत ती आजही बुटकीच दिसते. आमचा निर्णय मात्र मागच्या सीटने केला. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे महिन्यातून एकदा सिन्नर-संगमनेरमार्गे जवळपास २१० किलोमीटरचा प्रवास ठरलेला असतो, आणि त्यात मागे बसणाऱ्या आईला पाय मोकळे ठेवता येतात व पाठीला व्यवस्थित आधार मिळतो. पूर्वीच्या हॅचबॅकमध्ये नारायणगावला उतरून कंबर सरळ करावी लागे. आता आम्ही तिथे केवळ चहासाठी थांबतो.

मायलेजचा हिशेब मी डॅशबोर्डवरच्या आकड्यावर न ठेवता वहीत ठेवतो: टाकी पूर्ण भरायची, पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरायची आणि मधल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागायचे. पाथर्डी फाटा ते सातपूर अशा रोजच्या रहदारीत साडेअकरा ते तेरा, आणि पुण्याच्या फेरीत सतरा ते एकोणीस, असे आकडे सातत्याने येतात. कंपनीचा अधिकृत आकडा १७.८ आहे, म्हणजे महामार्गावर तक्रारीला जागा नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमधून पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा मिळते, त्यामुळे हिशेबाने सहा-सात टक्क्यांची घट गृहीतच धरावी. टाकी ४० लिटरची असल्याने पुण्याला जाऊन-येऊन मध्ये पंपावर थांबावे लागत नाही.

१४९८ सीसीचे हे इंजिन १२१ पीएस शक्ती देते, पण त्याला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही आणि १४५ न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, ४३०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना) मिळतो, ही गोष्ट चालवणाऱ्याने समजून घेतली पाहिजे. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना पाच माणसे बसलेली असतील आणि एसी चालू असेल, तर चौथ्या गिअरमध्ये गाडी ओढत नाही. तिसरा टाकून इंजिनाला फिरू दिले की ती न कुरकुरता वर जाते. डिझेलवरून आलेल्या माझ्या मेहुण्याला हे अजिबात रुचले नाही. क्लच हलका आहे, आणि द्वारका चौकातल्या संध्याकाळी त्याचे महत्त्व कळते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ठाण्याच्या बहिणीकडे जाताना कसारा घाट टळतो. त्या सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहते, मात्र काँक्रीटवर टायरचा आवाज आत येतो. तिथे जाण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासण्याचा नियम मी मोडत नाही.

आता अडचणी. १६५ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) एकट्यादुकट्यासाठी पुरेसा असला, तरी सहकुटुंब निघालो की कॉलनीतले घरगुती गतिरोधक तिरपे घ्यावे लागतात. सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात रस्ते खोदलेले असताना, पहिल्याच पावसाळ्यात पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसला नाही आणि खालून खर्रकन आवाज आला. रॅम्पवर चढवून पाहिल्यावर प्लॅस्टिकच्या आवरणावरच्या ओरखड्याशिवाय काही निघाले नाही, पण ती रात्र माझी वाईट गेली. डिकी ५०६ लिटरची आहे. दिंडोरीहून द्राक्षांचे चार क्रेट सहज येतात, फक्त तिचे तोंड अरुंद असल्याने क्रेट आडवा न घालता तिरका करून सरकवावा लागतो.

अण्णांचे गुडघे हा आमच्या घरातला खरा प्रश्न आहे. सीट खाली असल्याने आत वाकून शिरताना त्यांना त्रास होई. "आधी पाठमोरे बसा, मग पाय आत घ्या," हे सौभाग्यवतींनी त्यांना शिकवले, तेव्हापासून बसणे जमते. उतरताना मात्र अजूनही हात द्यावा लागतो. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना अवश्य न्यावे. आम्ही नेले नव्हते.

सर्व्हिस १,०००, ५,००० आणि १०,००० किलोमीटरला झाल्या, आणि ठरलेल्या कामांशिवाय गाडीत काहीही बदलावे लागले नाही. वाद झाला तो वर्कशॉपशी. १० हजारांच्या वेळी जॉबकार्डात इंजिन ड्रेसिंग (इंजिनाला वरून चकाकी आणणे), एसीची फवारणी आणि अंडरबॉडी कोटिंग मला न विचारता लिहिलेले होते. मॅन्युअलमधले सर्व्हिसचे पान उघडून दाखवल्यावर तिन्ही कामे त्यातून काढली गेली आणि बिल साडेसहा हजारांच्या आत आले. पुढची सर्व्हिस २० हजारांना आहे. त्या पानाचा फोटो मी आताच मोबाइलमध्ये काढून ठेवला आहे.